पिस्तूल-रिव्हॉल्वर खोलणं, साफ करणं आणि परत जोडणं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, सगळीकडनं लोक विचारतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचं बसून सगळं टाइप केलंय. जिथं जास्त लिहिलंय तिथं लोकांचं खरंच नुकसान झालेलं बघितलंय म्हणून लिहिलंय, ते नीट वाचा.

तुम्ही कोण आणि हे कुणासाठी लिहिलंय?

मी पलटणीत होतो, त्यातली बरीच वर्षं कोतात, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, हत्यारं देणं-घेणं, मोजणं, तपासणं हेच काम. आता खानापूर तालुक्यात घरची शेती बघतो. आमच्या भागात माजी सैनिक घरोघरी सापडतील, १७६८ पासूनची मराठा लाइट इन्फंट्री आणि तिचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं हत्यार हाताळलेली माणसं भरपूर. खरं रायफल हाताळलेल्या माणसाला पिस्तूल येतंच असं नाही, आणि तिथंच गडबड होते.

हे लिहिलंय ते ज्यांच्याकडं लायसन आहे त्यांच्यासाठी. कुणी पिस्तूल घेऊन माझ्याकडं आलं तर मी हात लावत नाही, समोर बसून सांगतो, लायसन तुमचं तर हातपण तुमचेच.

खोलायच्या आधी पहिलं काम काय?

रिकामं आहे का बघणं. तुम्ही म्हणाल हे काय सांगायचं, खरं साफ करताना गोळी सुटली अशा ज्या बातम्या येतात त्यातल्या माणसालापण ते रिकामंच वाटत होतं.

पिस्तूलात लोक हमखास चुकतात ते क्रमात. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढायचं, मगच स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागं ओढायची. उलट केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढं जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, ढकललं जाते, आणि तुमच्या हातात मॅगझिन आलंय म्हणून तुम्हाला वाटतं झालं रिकामं. ते रिकामं नाही, ते भरलेलं आणि घोडा चढवलेलं पिस्तूल आहे.

तर मॅगझिन बाहेर, स्लाइड मागं अडकवून ठेवा, चेंबरमध्ये उजेडात बघा, मग करंगळी घालून चाचपा. डोळे फसतात, बोट फसत नाही. रिव्हॉल्वरला सिलिंडर उघडून सगळी घरं मोजा, सहा म्हणजे सहा मोजा, "दिसतंय की रिकामं" नको. मग काडतुसं उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा, कपाट बंद करा. ज्या चटईवर पिस्तूल उघडणार त्या चटईवर एकपण काडतूस नको. फोन आला, चहा आला, कुणी हाक मारली आणि उठलात तर परत आल्यावर पहिल्यापासून तपासा. पलटणीत आम्ही हत्यार हातातनं हातात गेलं की प्रत्येक वेळी तपासायचो, देणाऱ्यानं तपासलेलं असलं तरी घेणारा परत तपासायचा, आणि त्यात कुणाला अपमान वाटायचा नाही.

घरी खोललं तर कायद्यात बसतं का?

स्वतःच्या लायसनचं हत्यार साफ करण्यापुरतं खोलणं, तेल घालणं, जोडणं ह्याला अडचण नाही. दुरुस्ती वेगळी. दुसऱ्याच्या हत्याराची दुरुस्ती धंदा म्हणून करायला १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये वेगळं लायसन लागतं, त्यामुळं गावातला वेल्डर, लेथवाला, शिलाई मशीन दुरुस्त करणारा कितीपण हुशार असूदे, त्याच्याकडं न्यायचं नाही. लायसनवाल्या बंदुकीच्या दुकानातच न्यायचं. तुम्हाला जायला जमत नसलं तर तुमच्या लेखी परवानगीवर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी नेऊ शकतो, ती सोय कायद्यातच आहे, खरं चिठ्ठी आणि लायसन बरोबर पाहिजे.

नवीन घ्यायचंय, साफसफाईला सोपं काय, रिव्हॉल्वर की पिस्तूल?

रोजच्या सफाईला रिव्हॉल्वर सोपं, कारण त्यात खोलायचं जवळजवळ काहीच नसतं. आत बिघडलं तर मात्र रिव्हॉल्वर अवघड, आतला घोडा, चाप, सिलिंडर फिरवणारा पंजा हे सगळं एकमेकाला घासून बसवलेलं असतं. पिस्तूलाचं उलट आहे, दर वेळी खोलावं लागतं, खरं खोलायला बनवलेलंच असतं, चांगलं पिस्तूल एका मिनिटात चार तुकड्यांत येते.

दुकानात गेल्यावर लोक वजन विचारतात, गोळ्या किती बसतात विचारतात, किंमत विचारतात. माझं म्हणणं, दुकानदारासमोर ते रिकामं पिस्तूल स्वतःच्या हातानं एकदा खोला आणि जोडा. तीनदा सांगूनपण जमलं नाही, स्प्रिंग दाबायला बोटात ताकद पुरली नाही, तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नव्हे. जे आपल्याला खोलता येत नाही ते आपण साफ करत नाही, आणि आमच्या पावसात साफ न केलेलं हत्यार दोन वर्षांत आतनं खाऊन जाते.

आणि एक, रिव्हॉल्वरचं .३२ आणि पिस्तूलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत, नंबर सारखा म्हणून एकाचं दुसऱ्यात घालू नका. ९ एमएम आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर आहे, ते सामान्य लायसनवर मिळत नाही.

ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर आहे, मधे मोडतं ते. कितपत खोलू?

हे आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसतं. जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्वरच्या धर्तीचं आहे, अंगठ्यानं वरची खिट्टी दाबली की नळी पुढं खाली पडते आणि मधली चांदणी सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलते. २०१४ साली आलेलं निर्भीकपण मधेच मोडतं, फक्त हलकं आहे.

ह्याचा मोठा फायदा असा की मोडल्यावर नळीचं मागचं तोंड मोकळं होतं, त्यामुळं सळई आणि ब्रश मागच्या बाजूनं घालता येतो. नळीच्या पुढच्या तोंडाची कड लई नाजूक असते, गोळी शेवटी तिथनंच सुटते, ती कड सळईनं घासून घासून झिजली की नेम बिघडतो. म्हणून मागनं घालायचं, आणि ब्रश अर्ध्यात उलटा ओढायचा नाही, पूर्ण बाहेर पडला की मगच परत. मग कापडाची चिंदी, पलटणीतपण आम्ही चिंदीच म्हणायचो, एक तेल लावलेली, मग कोरड्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत.

आता खरी गोष्ट. चांदणीच्या खाली न जळालेल्या दारूचे दाणे अडकतात. बाहेरनं रिव्हॉल्वर चकाचक, आणि लोक म्हणतात सिलिंडर जड फिरतंय, घोडा चढताना अडकतंय, बिघडलंय. बिघडलेलं नसतं. चांदणी वर उचलून धरा, जुन्या टूथब्रशनं तिच्या खालनं आणि ती बसते त्या खोबणीतनं झाडून काढा, बस्स. झाडताना तोंड खाली, म्हणजे दाणे आत जाणार नाहीत. तिथं तेल थापू नका, तेलाला दाणे चिकटतात आणि परत तेच. एवढ्यासाठी माणसं अथणीहून इथवर आलेली आहेत.

सिलिंडरच्या सहाही घरांना ब्रश फिरवा, तोंडावर काळं कडं राहतं ते पूर्ण गेलं नाही तरी चालतं, त्याच्या मागं लागून पॉलिश कागदानं घासू नका. सिलिंडर पूर्ण बाहेर काढायची गरज वर्षातनं एखाद्या वेळी, तीपण दुकानात काढून बघितल्यावर.

बाजूचा पत्रा काढून आतलं मशीन साफ करू का? यूट्यूबला सोपं दाखवतात.

नको. हात जोडून सांगतो नको.

एकजण आले होते, साखर कारखान्याकडचे, रिव्हॉल्वरचे आतले तुकडे कुंदा मिठाईच्या बॉक्समध्ये घालून. झालं असं, त्यांनी स्क्रू काढले, पत्रा निघेना म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला, कड वाकली, आतली एक पट्टी-स्प्रिंग टणकन उडून कपाटाखाली गेली, तीन दिवस घर झाडलं. स्प्रिंग मिळाली खरं पत्रा परत बसला तो फट ठेवूनच. दुकानात दुरुस्ती झाली, पैसे गेले आणि कडेचा तो ओरखडा अजून आहे. चूक कुठं झाली तर पत्रा कधी उचकटायचा नसतो. जाणकार माणूस स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्यानं हलके टोले देतो, हादऱ्यानं पत्रा आपोआप वर येतो. स्क्रूड्रायव्हरपण खाचेला तंतोतंत बसणारा लागतो, घरातला पाचर आकाराचा नव्हे, तो घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. आणि स्क्रू एका लांबीचे नसतात, कुठला कुठं होता ते विसरलात तर लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन आतलं अडवतो.

आत पाणी गेलं, पुरात भिजलं, तर दुकान. नाहीतर एक-दोन थेंब पातळ तेल घोड्याच्या फटीतनं आणि चापाच्या फटीतनं सोडलं की वर्ष निघतं.

बाजूला सिलिंडर उघडतं त्याचं काय? प्रबल घेतलंय.

सफाई सोपी, फक्त नळीत सळई पुढनंच घालावी लागते, म्हणून सळईला पितळेचा किंवा प्लास्टिकचा मार्गदर्शक लावा, म्हणजे सळई कडेला घासू नये म्हणून नळीच्या तोंडाशी बसते ती टोपी, नाहीतर दोरीचा पुल-थ्रू वापरा, आम्ही फुलथ्रू म्हणायचो. तो मागनं टाकून पुढनं ओढता येतो. आणि सिलिंडर मनगट झटकून बंद करू नका, पिक्चरमध्ये करतात तसं. ज्या हातावर सिलिंडर लटकतं तो हात वाकतो आणि मग प्रत्येक घर नळीच्या सरळ रेषेत येत नाही. दोन हातांनी हळू बंद करायचं.

.३२ पिस्तूल, आजोबांचं. कसं खोलतात?

ह्यात दोन-तीन कुळं आहेत आणि तुमचं कुठलं ते ओळखल्याशिवाय जोर लावू नका.

वॉल्थर पीपी, १९२९ सालचं डिझाइन, आणि त्याच्या वळणावर गेलेली बरीच, रशियन मकारोवपण त्यातलंच. ह्याला चापाभोवतीची कडी खाली ओढून जरा बाजूला टेकवायची, मग स्लाइड पूर्ण मागं ओढून तिची मागची बाजू वर उचलायची आणि हळूच पुढं सोडायची. हातात तीन गोष्टी येतात, सांगाडा, स्लाइड आणि नळीवरची स्प्रिंग. माझ्या मते नवशिक्यासाठी ह्याहून सोपं पिस्तूल नाही. एकच चूक होते, स्प्रिंगचं एक तोंड अरुंद असतं, दुसरं रुंद, उलटी घातली तर स्लाइड नीट चालत नाही. काढतानाच बघून ठेवा.

कोल्ट १९०३. ह्यात स्लाइड खुणेपर्यंत मागं आणून, तिथंच धरून, नळी हातानं फिरवायची असते, तिचे दात सांगाड्यातनं सुटून स्लाइडमध्ये अडकतात आणि दोन्ही मिळून पुढं निघतात. एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातानं फिरवायचं, आणि नळी तेलकट, म्हणून दहा वेळा सुटतं. नळीभोवती कोरडं फडकं किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, पकड मिळते. पक्कड लावू नका, पक्कडीचे दात आयुष्यभर दिसतात. जोडताना इथं वेळ जातो, नळीचे दात पूर्ण फिरून बसले नाहीत तर स्लाइड अर्ध्यात थांबते. ठोकायचं नाही, परत काढून परत फिरवायचं.

ब्राउनिंग १९१० ला स्प्रिंग नळीभोवतीच असते आणि पुढं एक टोपी. ती टोपी फिरवली की स्प्रिंगसकट सुटते, तोंडावर येऊ शकते. चष्मा घाला, तळहात टोपीवर धरून ठेवा.

कोल्ट १९११ च्या नमुन्याचं पिस्तूल किती अवघड?

मध्यम. खोलताना नळीच्या तोंडाशी असलेलं बुशिंग, म्हणजे कडं, फिरवायचं आणि खालची स्प्रिंगची टोपी अंगठ्यानं दाबून धरून हळू सोडायची, अंगठा घसरला की ती छताला जाऊन आपटते. जोडताना स्लाइडची आडवी खिट्टी बसवायची असते, ती नळीखालच्या कडीतनं गेली पाहिजे. लोक जोर लावून ती खिट्टी वर सरकवतात आणि सांगाड्यावर अर्धवर्तुळाकार ओरखडा ओढतात, जगभर ह्या पिस्तूलावर तो ओरखडा दिसतो. उपाय सोपा, सांगाड्यावर तिथं चिकटपट्टी लावून घ्या आणि मग जोडा.

नेमबाजीचं .२२ रुगर आहे, खोललं, आता जोडता येईना. मोडलं काय?

मोडलं नाही. हा सगळ्यात जास्त रडवणारा प्रकार आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. रुगरचं हे .२२ पिस्तूल १९४९ पासून आहे, मार्क दोन १९८२ साली आलं, आणि ह्या जुन्या सगळ्या नमुन्यांत खोलणं एक मिनिट आणि जोडणं अर्धा तास.

कारण असं. घोड्याच्या मागं एक बारीक दांडा लोंबकळतो. मुठीच्या मागच्या बाजूला जी पट्टी बसते तिच्यात मुख्य स्प्रिंग असते, आणि त्या दांड्याचं टोक बरोबर त्या स्प्रिंगच्या वाटीत बसलं पाहिजे. तो दांडा दिसत नाही, फक्त गुरुत्वाकर्षणानं इकडंतिकडं लोंबतो. पट्टी बंद करताना दांडा बाजूला राहिला की वरनं सगळं जोडल्यासारखं दिसतं, खरं बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकणारा भाग, मागं येतच नाही.

म्हणून पिस्तूल हातात कसं तिरपं धरलंय त्यावर सगळं आहे. आधी घोडा पुढं पडलेला पाहिजे, तो मागं चढलेला असला तर पट्टी बसणारच नाही. मग कंपनीच्या हँडबुकमध्ये ज्या पायरीला तोंड वर म्हटलंय तिथं तोंड वर आणि जिथं खाली म्हटलंय तिथं खाली, म्हणजे दांडा स्वतःच्या वजनानं योग्य बाजूला लोंबतो. पट्टी अर्धी बंद करून थांबा, शेवटी शेवटी स्प्रिंगचा दाब बोटाला लागला पाहिजे. दाब न लागता पट्टी सहज मिटली तर समजा दांडा चुकलाय, परत उघडा. दाब लागत असताना मिटली तर बोल्ट ओढून बघा, पूर्ण मागं आला की झालं. पहिल्यांदा शिकताना लागोपाठ पाच वेळा खोला-जोडा, एकदा जमलं म्हणून थांबलात तर पुढच्या वेळी परत तिथंच अडकता.

२०१६ ला मार्क चार काढलं त्यात मागं एक बटण दिलं, दाबलं की वरचा भाग बिजागरीसारखा उघडतो. सत्तर वर्षांच्या आसपास लोकांनी सोसल्यावर कंपनीनं ते केलं. आणि .२२ ला दर वेळी पूर्ण खोलायची गरजपण नसते, मागनं चेंबर आणि बोल्टचं तोंड पुसलं तरी बरंच काम होतं. रिकामं चाप ओढून खेळू नका, बऱ्याच .२२ मध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथं खड्डा पडतो.

व्हिडिओत ग्लॉक दहा सेकंदांत खोलतात, मग तेच सगळ्यात चांगलं नव्हे काय?

खोलायला खरंच सोपं, स्लाइड, नळी, स्प्रिंग, सांगाडा, चारच भाग, आणि अख्ख्या पिस्तूलात चौतीस-पस्तीस सुटे भाग. १९८२ ला ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतलं ते उगीच नव्हे. खरं त्यात एक गोष्ट आहे जी व्हिडिओत पटकन निघून जाते, ते खोलायच्या आधी चाप ओढावा लागतो. म्हणजे चेंबर तपासायला विसरलेला माणूस खोलतानाच गोळी झाडतो. बेरेट्टा ९२ बघा, बटण दाबून खिट्टी फिरवायची, स्लाइड पुढं निघते, चापाला हात लावायची गरजच नाही. सोपं आणि सुरक्षित ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आर्मीचं पिस्तूल तुम्ही कसं खोलायचा?

९ एमएम वन-ए, ईशापूरला बनायचं, मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर. स्लाइड मागं ओढून सेफ्टी पुढच्या खाचेत अडकवायची, आडवी खिट्टी ढकलून काढायची, स्लाइड धरून सेफ्टी सोडायची, स्लाइड पुढं. जोडताना स्प्रिंगची दांडी नीट बसली नाही तर खिट्टी जात नाही, एवढंच.

शिकवायची पद्धत मात्र मला अजून सगळ्यात चांगली वाटते. खोलना-जोडना म्हणायचं त्याला. चादरीवर निघेल तो भाग डावीकडनं उजवीकडं ओळीनं ठेवायचा, तोंड एकाच दिशेला, आणि जोडताना उजवीकडनं सुरू करायचं. घरी पांढरी जुनी धोतराची पट्टी अंथरा, पांढऱ्यावर बारीक पिन दिसते. आता मोबाइलपण आहे, प्रत्येक पायरीला फोटो काढा, फक्त नंबर दिसेल असा फोटो ग्रुपवर टाकू नका.

डोळ्यावर पट्टी बांधून जोडायची स्पर्धा घरी करू नका. ती रात्रीच्या लढाईसाठी शिकवतात, तुम्हाला उजेड आहे.

जोडून झालं आणि एक पार्ट उरला.

काडतूस घालू नका, तेवढं आधी. तो पार्ट आणि पिस्तूल दोन्ही दुकानात. "चालतंय की तरी" असं म्हणणारे भेटलेत, चालतंय म्हणजे अजून तुटलं नाही एवढंच. जोडल्यावर प्रत्येक वेळी रिकाम्यावर स्लाइड चार-पाच वेळा ओढा, सेफ्टी लावून चाप ओढून बघा, घोडा पडता कामा नये, सेफ्टी काढून ओढा, पडला पाहिजे. अपवाद हाय-पॉवरसारख्यांचा, मॅगझिन नसलं तर त्यांचा घोडा पडत नाही, म्हणून रिकामं मॅगझिन घालून बघा.

तेल कुठलं? खोबरेल चालतं काय?

खोबरेल, शेंगतेल, तूप काही नको. खाण्याचं तेल हवेनं चिकट होतं, पुढं लाखेसारखं घट्ट बसतं, थंडीत खोबरेल गोठतं ते वेगळंच. बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर शिवणयंत्राचं पातळ तेल तात्पुरतं चालतं. रॉकेलनं काळं छान निघतं, खरं ते उडून गेलं की लोखंड उघडं पडतं आणि दोन दिवसांत तांबूस पडते, म्हणून रॉकेल वापरलंत तर पुसून त्याच वेळी तेल. निकेलचा मुलामा दिलेल्या जुन्या रिव्हॉल्वरला अमोनिया असलेलं क्लीनर लावू नका, मुलामा पापुद्र्यानं निघतो.

आणि तेल कमी. लोक ओततात. जास्तीचं तेल काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टिकलीत, झिरपून काडतूस फुसकं निघू शकतं, धूळ धरते. बोटाला चकचक दिसेल एवढंच.

पावसाळ्यात कसं ठेवू? आम्ही जांबोटीकडं असतो.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओला होतो, मलप्रभा तिथनंच उगवते, तिथं पुण्यातल्या माणसाचा सल्ला चालत नाही. अथणीकडच्याला महिन्यातनं एकदा पुसलं तर चालेल, तुम्हाला आठवड्यातनं एकदा.

पहिली चूक म्हणजे चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवणं. चामडं पाणी ओढतं आणि धरून ठेवतं, वर चामडं कमावताना वापरलेली रसायनं, त्यामुळं जिथं चामडं टेकतं तिथंच गंज येतो, होल्स्टरच्या आकाराचा. होल्स्टर वेगळं, पिस्तूल वेगळं, तेलाच्या सुती फडक्यात, आणि कुलपाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल्या झाल्या की गरम करून वाळवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. घामट हातानं धरलं की पुसल्याशिवाय ठेवू नका, घामाच्या मिठानं बोटांचे ठसे लोखंडावर तांबूस उमटलेले मी बघितलेत.

खंडेनवमीला पूजेत ठेवतो, हळद-कुंकू लागतं. चालतं?

पूजा करा की, आमच्या घरीपण होते, शेजारच्या कन्नड घरांत आयुध पूजा होते, त्यांच्याकडंपण हाच प्रश्न. फक्त रिकामं करून ठेवा, आणि लोखंडाला थेट ओलं गंध, कुंकू, झेंडूची ओली फुलं, नारळाचं पाणी लावू नका. हळद-कुंकवाचा ओलावा रात्रभर राहिला की सकाळी डाग. केळीच्या पानावर कापड, कापडावर हत्यार, आणि कुंकू मुठीच्या लाकडाला कोरडं बोट लावून. पूजा झाली की संध्याकाळीच पुसून तेल लावून आत. दसऱ्याला सोनं द्यायला सगळा गाव घरात येतो, तेव्हा ते बाहेर दिसायलापण नको. आणि हौसेनं हवेत बार काढायचा नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

इलेक्शनला ठाण्यात जमा केलं, परत मिळालं तेव्हा गंजलेलं. काय करायचं होतं?

हे आमच्याकडं सगळ्यांनाच भोगावं लागतं. मागच्या लोकसभेला चिकोडी आणि बेळगावचं मतदान ७ मे २०२४ ला, निकाल ४ जूनला, म्हणजे सोडवून आणेपर्यंत पाऊस सुरूच. माझ्या एका ओळखीच्याचं रिव्हॉल्वर असंच परत आलं, नळीत लाल पावडर. तिथं कुणी तेल घालत बसणार नाही, त्यांच्याकडं शेकड्यानं हत्यारं असतात, म्हणून द्यायच्या आधी आपणच करायचं.

नळी साफ करून रोजच्यापेक्षा जाड तेल, आतबाहेर, मग मेणकागदात किंवा तेलाच्या फडक्यात गुंडाळून द्या. होल्स्टरसकट देऊ नका. देताना आणि घेताना नंबर पावतीशी ताडून बघा, अवस्था लिहून घ्या. आणून घरी आल्यावर गोळी झाडायच्या आधी नळीतलं जाड तेल पूर्ण पुसून काढा.

गंज आलाच तर? चिंचेनं घासलं तर निघतो म्हणतात.

चिंचेनं तांब्याचा हंडा निघतो, पिस्तूल नव्हे. पिस्तूलाचा जो निळसर काळा रंग असतो तोपण एक प्रकारे ताब्यात ठेवलेला गंजच आहे, चिंच, लिंबू, व्हिनेगर लावलं की आंबटपणा दोन्ही खातो, आणि हातात पांढरं लोखंड राहतं जे दुसऱ्या दिवशी परत गंजते. एकानं घरच्या बाईंना दिलं होतं घासायला, त्यांनी मनापासून घासलं, अख्खं रिव्हॉल्वर पांढरं झालं.

तेल लावून एक दिवस ठेवा, मग तांब्याच्या तुकड्यानं किंवा जुन्या तांब्याच्या नाण्यानं हलकं खरवडा. तांबं लोखंडापेक्षा मऊ, गंज निघतो, ओरखडा पडत नाही. आणि जिथं नंबर कोरलाय तिथं तर पॉलिश पेपर लावूच नका. नंबर पुसट झाला तर तो गुन्हा धरला जातो, गंज काढत होतो म्हणून सांगत बसावं लागेल.

जुनी लष्करी काडतुसं झाडल्यावर नळी लगेच गंजते, तेल लावूनसुद्धा.

जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, झाडल्यावर नळीत त्याचं मीठ राहतं, ते हवेतलं पाणी ओढतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी उकळतं पाणी नळीतनं ओता, नळी तापते त्यामुळं वाळतेपण लवकर, मग कोरडी चिंदी, मग तेल. बंदुकीत पाणी ओतायचं म्हटलं की लोक दचकतात, खरं ह्याला हाच उपाय.

पोरं जवळ बसली तर चालतं काय?

नाही. काळ्या घाणीत शिसं असतं, पोरांना ते जास्त बाधतं. स्वयंपाकघरात आणि जेवायच्या जागी खोलू नका, खिडकी उघडी ठेवा, झाल्यावर साबणानं हात धुवा आणि मगच चहा. चिंद्या चुलीत जाळू नका.

एअर पिस्तूल खोलायचं असतं?

नाही. सिलिंडरमध्ये हवा भरलेली असताना तर स्क्रूलाच हात लावायचा नाही. नळीतनं फेल्टच्या गोळ्या सोडा, सिलिंडरवर लिहिलेली मुदत बघा, बाकी कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

वय झालंय, स्लाइड ओढवत नाही, स्प्रिंग दाबवत नाही. काही युक्ती?

स्लाइड ओढायची युक्ती आहे, स्लाइड ओढायची नाही, ती वरनं पूर्ण मुठीत घट्ट धरून ठेवायची आणि खालची मूठ पुढं ढकलायची, दोन्ही हात छातीजवळ. ढकलायला खांद्याची ताकद लागते, ओढायला बोटांची, आणि बोटं आधी जातात. तोंड भिंतीकडं, स्वतःच्या कोपराकडं वळू देऊ नका, जोर लावताना ते वळतं.

तेवढ्यानंपण होत नसलं तर पिस्तूल देऊन मधे मोडणारं रिव्हॉल्वर घ्या, सफाईसाठी वर्षातनं दोनदा दुकानात न्या. आणि २०१६ च्या नियमांत अशी सोय आहे की सत्तरी ओलांडली किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं तर ते हयातीतच वारसाच्या नावावर लायसनसाठी अर्ज करता येतो. बेळगाव शहरात पोलिस कमिशनर ऑफिस, बाहेरच्यांना डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिस. निपाणीकडचे एक सुभेदार साहेब गेल्या वर्षी आले होते, हात थरथरत होते, त्यांना मी हेच सांगितलं. त्यांनी अर्ज केला, आणि मुलाच्या नावानं लायसन झाल्यावर पोराला घेऊन परत आले. चटईवर धोतर अंथरलं, पोरगा खोलत होता आणि साहेब बाजूला बसून "डावीकडनं ठेव, डावीकडनं" म्हणत होते.